साडूभाऊंचा विलायती कर

घरात सायकलीपलीकडे वाहन नाही, मोटारीचं चाक कधी हातात धरलेलं नाही, विलायत तर सोडाच पण मुंबईचं बंदरसुद्धा पाहिलेलं नाही, आणि तरीही विलायतेत नवी मोटार घेणाऱ्या माणसाला कुठल्या साली सरकारनं कसं पिळलं हे झोपेतून उठवून विचारलं तरी बिनचूक सांगेल, असा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच झाला आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. आमची ही त्यांना दाजी म्हणते, मी साडूभाऊ म्हणतो, आणि सांगलीतल्या त्यांच्या गल्लीत पोरंटोरं त्यांना ट्याक्समास्तर म्हणतात. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला शाईचा कायमचा डाग, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी बघायची सवय. ते जिथं बघत तिथं टेम्स नदी असावी असा माझा समज आहे.

आमची पहिली गाठ पडली ती माझ्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात. सत्तर साल असावं. मी तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात नुकताच चिकटलो होतो. मामाला बरोबर घेऊन सांगलीला गेलो. पोहे झाले, मुलीला दोन प्रश्न विचारून झाले, आणि सासरेबुवा म्हणाले, "आमच्या थोरल्या जावईबापूंना काही विचारायचं असेल तर विचारू दे." कोपऱ्यातून चष्मा सरसावत साडूभाऊ पुढं झाले. पगार विचारतील, व्यसनं विचारतील म्हणून मी तयारीत बसलो होतो.

"समजा," ते म्हणाले, "एक चारचाकी गाडी आहे. पुढं दोन माणसं बसतात. मागं नुसती मोकळी जागा. बाजूला खिडक्या नाहीत. तिला तुम्ही काय म्हणाल?"

मी मामाकडं बघितलं. मामानं पोह्याच्या रिकाम्या बशीकडं बघितलं. "मालाची गाडी," मी म्हणालो.

"बरोबर. आता त्याच गाडीला मागं दोन्ही अंगांना खिडक्या पाडल्या. आता?"

"आता माणसांची."

"का?"

"माणसाला बाहेर बघायचं असतं," मी म्हणालो. "पोत्याला नसतं."

साडूभाऊंनी मांडीवर थाप मारली आणि सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा चांगला आहे." माझं लग्न ठरलं ते असं. विलायतेत नव्या मोटारीवर जबर खरेदी कर असे, पण मागं खिडक्या नसलेली मालाची गाडी त्यातून सुटे, म्हणून तिथले शहाणे लोक मालाची गाडी घेत आणि नंतर गुपचूप खिडक्या पाडत, आणि मग सरकार म्हणे, खिडकी पाडलीस ना, आता भर कर, हे सगळं मला लग्नानंतर पहिल्याच दिवाळसणाला आंघोळीच्या आधी, तेल लावलेल्या अंगानं ऐकावं लागलं.

हा विषय त्यांना लागला कसा, याची गोष्ट साधी आहे. एम. ए. झाल्यावर डॉक्टरेट करायची ठरवून ते आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडं गेले. ऊस, गूळ, हळद, सहकार हे सगळे विषय आधीच्या मुलांनी वाटून घेतले होते. साडूभाऊ स्वतः इस्लामपूरकडच्या एका खेड्यातल्या उसाच्या घरातले, पण उसावर त्यांच्या आधी चौघं बसले होते. उरलं काय, तर संस्थानच्या काळातल्या जुन्या वाचनालयात धूळ खात पडलेले विलायतेच्या पार्लमेंटातल्या भाषणांचे जाडजूड खंड. कुणा हौशी राजेसाहेबांनी ते मागवून ठेवले होते. साडूभाऊंनी सहज एक उघडला. त्यात दोन खासदार मोटारीवरच्या करावरून एकमेकांच्या अंगावर आले होते. एक म्हणत होता, मोटार ही चैन आहे. दुसरा म्हणत होता, माझ्या मतदारसंघातल्या डॉक्टरनं रोग्याकडं काय घोड्यावरून जायचं? "मला वाटलं," साडूभाऊ सांगत, "ही तर आमच्या ग्रामपंचायतीची सभा!" तेव्हापासून ते त्या खंडांत जे शिरले ते बरीच वर्षं बाहेर आलेच नाहीत. पुढचे कागद मिळवायला महिन्यातून एकदा एसटीनं पुण्याला जात, दिवसभर ग्रंथालयात बसत, आणि परतीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाला, मग तो कोंबड्या घेऊन निघालेला का असेना, त्या दिवशी सापडलेली नवी माहिती सांगत. साताऱ्याअलीकडच्या खंडाळ्याच्या थांब्यावर एक गृहस्थ आपलं गाव यायच्या आधीच उतरून गेल्याचं ते स्वतःच कौतुकानं सांगत.

पण या विषयात एक खोट होती, आणि ती साडूभाऊंच्या लक्षात यायला उशीर झाला. हा कर जिवंत होता. मेलेल्या राजाचा इतिहास लिहिता येतो, राजा जागचा हलत नाही. हा कर दर दोन वर्षांनी कूस बदलत होता. तिकडचा अर्थमंत्री, ज्याला साडूभाऊ 'त्यांचा खजिनदार' म्हणत, मार्च-एप्रिलात अर्थसंकल्प मांडे. त्या संध्याकाळी सांगलीतल्या घरात रेडिओ मधल्या खोलीत येई, साडूभाऊ त्याला कान चिकटवून बसत, आणि घरात टाचणी पडायची बंदी असे. फोडणीचा आवाज आणि रेडिओची खरखर सारखीच, म्हणून अक्का त्या संध्याकाळी चूलच पेटवत नसे. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. ती आमच्या हिला म्हणायची, "एकादशी मी धरत न्हाई बाई. मला एकच उपास, त्यांच्या खजिनदाराचा."

खजिनदाराचा भरवसा एप्रिलापुरता तरी धरता यावा, तर तेही नाही. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट, अक्कानं सांगितलेली. प्रबंध पुरा झाला होता. सांगलीत टायपिंगचा क्लास चालवणारे एक चाचा होते, त्यांनी तो पानापानानं टाइप केला होता. बांधणीवाल्याकडून निळ्या कापडात बांधून आला होता. अक्कानं त्याला हळदकुंकू लावलं, शेजारी पेढे वाटले. आणि ऐन नोव्हेंबरात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, खजिनदारानं मोटारीवरचा कर वाढवला. शेवटचं प्रकरण एका रात्रीत शिळं झालं. मार्गदर्शकांचा दंडक असा की प्रबंध अगदी अद्ययावत पाहिजे. साडूभाऊ निळा प्रबंध काखेत मारून पुन्हा चाचांकडं गेले. चाचांनी टाइपरायटरवरचं कापड काढलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "सर, त्या विलायतवाल्यांना एकदा सांगा ना. थोडा दम धरा म्हणावं. आमच्या रिबिनी संपल्या."

दुसरा कुणी असता तर विषय बदलता. साडूभाऊंना तसं सुचवणारे कमी नव्हते. कॉलेजातले त्यांच्या मागून आलेले दोघं हळद आणि गूळ उरकून डॉक्टर झाले आणि त्यांच्या पुढच्या खुर्च्यांवर जाऊन बसले. साडूभाऊ त्यांना मनापासून हार घालून आले. घरी येऊन अक्काला म्हणाले, "हळद उकडली की वाळते. माझं अजून उकळतंय." ह्या वाक्यावर ते स्वतःच इतके खूष झाले की त्या दुःखाचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

त्या करातली त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट सुट्या भागांची. पुरी मोटार घेतली की कर, पण सगळे भाग सुटे घेऊन माणसानं घरी स्वतःच जोडली तर कर नाही. मात्र जोडायची कशी याची पुस्तिका विकणाऱ्यानं द्यायची नाही, दिली की ती पुरी मोटार धरली जाई. मग म्हणे एका विक्रेत्यानं मोटार सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, शेवटच्या पानापासून वाचा. ही गोष्ट साडूभाऊ जेवताना सांगत आणि सांगता सांगता इतके हसत की घास घशात अडकून अक्काला पाठीवर थापा माराव्या लागत. नुसतं सांगून भागलं असतं तर बरं होतं. पण एका सुट्टीत अक्कासाठी गावाकडच्या सुतारानं सागवानी कपाट केलं, आणि ते सांगलीला आणायची वेळ आली तेव्हा साडूभाऊंना वाटेवरच्या जकात नाक्याची आठवण झाली. त्यांनी सुताराला ते कपाट पुन्हा खोलायला लावलं आणि तो एकेक फळी काढत असताना शेजारी बसून क्रमानं लिहून घेतलं. मी तेव्हा सहज म्हणून त्यांच्या गावी गेलो होतो, तो ट्रकमध्ये फळ्यांवर बसून त्यांच्याबरोबर निघालो. नाक्यावरचा कारकून बाहेर आला.

"काय हाय ह्ये, मास्तर?"

"सुटे भाग," साडूभाऊ म्हणाले.

"कशाचं?"

"ते मी सांगायला बांधील नाही."

कारकुनानं फळ्यांवरून, बिजागऱ्यांवरून आणि सतरंजीत गुंडाळलेल्या आरशावरून नजर फिरवली. "आवं मास्तर, कपाट म्हनून न्हेलं असतं तर घरचं सामान म्हनून सोडलं असतं. सुटं लाकूड म्हंजी व्यापारी माल. पावती फाडाय लागंल."

मला वाटलं साडूभाऊ आता भांडणार. ते ट्रकमध्ये परत चढले ते पावती हातात धरून, आनंदानं उजळलेल्या चेहऱ्यानं. "पाहिलंत? तिकडं सुट्या भागाला सूट, इकडं सुट्या भागाला भुर्दंड. प्रबंधात तळटीप टाकतो!" घरी येऊन त्यांनी आपलं टिपण शेवटून वाचत ते कपाट जोडलं. कुठंतरी एक पायरी सुटली असावी. आरसा आतल्या बाजूला गेला. अक्काला कुंकू लावायचं तर कपाटाचं दार उघडून आत डोकं घालावं लागे. पुन्हा खोलू देईना ती. म्हणाली, "न्हाई, आता ऱ्हाऊ दे. फुडच्या टायमाला तुमी मलाच आत बसवाल."

मग एकाहत्तर सालचा तो मार्च आला. मी कारखान्याच्या कामानं सांगलीला होतो, रात्रीच्या गाडीनं परतायचं होतं, आणि चूल बंद असल्यामुळं उपाशी होतो. साडूभाऊ रेडिओला चिकटलेले. एकदम त्यांनी हात वर केला. मग हळूहळू तो हात खाली आला. त्यांनी रेडिओ बंद केला.

"वाढवला?" अक्कानं दबकत विचारलं.

"नाही."

"कमी केला?"

"मारणार आहेत," साडूभाऊ म्हणाले. "दोन वर्षांनी हा करच बंद. त्याच्या जागी दुसरं काहीतरी येणार. प्रत्येक वस्तूवर, विक्रीच्या प्रत्येक टप्प्याला थोडा थोडा घेणार म्हणे."

बातमी आमच्या नात्यात पसरली ती जवळजवळ मयताच्या बातमीसारखी. इतकी वर्षं घातलेला विषयच नाहीसा होणार म्हटल्यावर पुढच्या रविवारी आम्ही दोघं मुद्दाम समाचाराला गेलो. सासरेबुवा आले होते. चाचाही टोपी मांडीवर ठेवून बसले होते. साडूभाऊ आतून चहाचा ट्रे स्वतः घेऊन आले आणि आमचे चेहरे बघून थबकले.

"अहो, तुम्ही रडताय कशाला?" ते म्हणाले. "इतके दिवस मी जिवंत माणसाचं चरित्र लिहीत होतो, आणि तो माणूस मला रोज खोटं पाडत होता. आता तो मरणार. तारीखसुद्धा कळली आहे. तो मेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेवटचं प्रकरण लिहीन, आणि मग त्याच्या बापाला ते बदलता येणार नाही."

चाचा म्हणाले, "सर, आजच लिहून टाका ना. दोन वर्षं कशाला थांबता?" मार्गदर्शकांचंही तेच म्हणणं पडलं. ते निवृत्तीला आले होते, त्यांना आपल्या हातून हा विद्यार्थी पार पडलेला बघायचा होता. ते म्हणाले, कर जाणार एवढं एक वाक्य घाल आणि दे टाकून. साडूभाऊंनी त्यांच्या पाया पडून नाही म्हटलं. "सर, अजून श्वास चालू आहे. श्वास चालू असताना मी दहावा घालणार नाही." मार्गदर्शक चिडले, दोन महिने बोलले नाहीत, आणि मग स्वतःच पोस्टकार्ड टाकून 'कळवा, अजून आहे का' म्हणून विचारू लागले. होता. जाता जाता तो कर दोनदा उतरला, साडूभाऊंनी तेही शांतपणे टिपून ठेवलं.

बहात्तरचा पाऊस पडलाच नाही. साडूभाऊंच्या गावाकडं विहिरी कोरड्या पडल्या, उसाच्या फडात नुसती पाचट उभी राहिली, आणि बाया-माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. सुट्टीत साडूभाऊ गावी गेले तेव्हा त्यांची कागदांची पिशवी बरोबर होती. आम्ही दोघं एका दुपारी जाऊन पोचलो. आण्णा, म्हणजे साडूभाऊंचे वडील, निंबाखाली बसले होते, आणि साडूभाऊंचा धाकटा भाऊ, जो फौजेत होता आणि रजेवर आला होता, थोरल्या भावासमोर उभा राहून बोलत होता.

"दादा, मानसं खडी फोडाय लागल्यात. घरात प्यायला पानी न्हाई. आनि तू हितं विलायतंच्या गाड्यांचं कागद चिवडतोयस. लोकं काय म्हनत असतील रं?"

साडूभाऊंनी कागद पिशवीत घातले, पिशवी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ते खडीच्या कामावर हजेरी मांडायला जाऊन बसू लागले, कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी पगार देत नव्हतं. मुकादमाला लिहिता येत होतं ते जेमतेम, त्यामुळं दिवसभर खडी फोडलेल्या बाईचं नाव गळून तिची मजुरी बुडत असे. ते बंद झालं. उन्हं चढली की घरी येत, पिशवी खुंटीवरून काढत, आणि निंबाखाली बसून पुन्हा विलायतेत जात. धाकट्या भावानं दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच पाण्याचा तांब्या त्यांच्या शेजारी आणून ठेवून गेला.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी आण्णांनी विचारलं. म्हातारा माणूस, उभा जन्म रानात गेलेला, मुलगा काय करतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, शिकलेला आहे म्हणजे काहीतरी करतच असेल म्हणून.

"कशापायी रं ह्ये समदं?"

घरी आण्णांशी बोलताना साडूभाऊंची भाषा बदले. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "आण्णा, लढाईच्या टायमाला तिकडं लोखंड कमी पडलं. लोकांनी गाड्या घ्याय नगंत म्हनून सरकारनं कर बसवला. म्हनलं, थोडं दिस कळ काढा."

"मग?"

"लढाई सपली. कर ऱ्हायला."

आण्णा हसले. "थोड्या दिसाचं म्हनून जे येतं ना, त्ये लवकर उठत न्हाई बाबा."

"तेच तर. मग लोकांनी काय काय केलं. कुनी मालाची गाडी घिऊन खिडकी पाडली. कुनी तीन चाकांची घेतली, तिला कर कमी. कुनी तुकडं आनून परसात जोडली. कर किती बसवला त्ये तिकडच्या समद्या पुस्तकांत हाय, आण्णा. लोकांनी त्येच्यात दिस कसं काढलं त्ये मला लिवायचं हाय."

आण्णांनी समोरच्या करपलेल्या फडाकडं बघितलं. मग म्हणाले, "मग लिव. पर अर्धं सोडू नगंस."

त्र्याहत्तरच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेला तो कर मेला. रविवार होता, पाडवा तोंडावर आलेला. मी मुद्दाम साताऱ्याहून गेलो. संध्याकाळी रेडिओ मधल्या खोलीत आला. विलायतेच्या बातम्यांत नव्या कराचं कौतुक चाललं होतं, कुठली वस्तू महागणार, कुठली स्वस्त होणार. मोटारींवर तर या नव्या कराशिवाय आणखी एक खास मोटार-कर वेगळा बसवला होता. जुन्याचं नाव एका ओळीत आलं आणि गेलं. साडूभाऊ उठले, आत जाऊन त्यांनी डोक्यावरून थंड पाणी ओतून घेतलं, बाहेर येऊन अक्काला म्हणाले, "आता पेटव चूल." आणि जेवण होईपर्यंतसुद्धा न थांबता शेवटच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य लिहायला बसले.

पुढं सगळं सरळ होईल असं वाटलं होतं. चाचांनी पुन्हा एकदा, आणि या खेपेला एक पैसा न घेता, शेवटचं प्रकरण टाइप केलं. प्रबंध गेला, आणि पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेचं बोलावणं आलं. मी गेलो होतो, चाचा तर नवी टोपी घालून आले होते, कारण त्यांच्या मते परीक्षा त्यांचीही होती. बाहेरचे परीक्षक उत्तरेकडच्या एका विद्यापीठातले, भरघोस मिशांचे, फार विद्वान गृहस्थ. निवृत्त झालेले मार्गदर्शक शेजारी बसून घाम पुसत होते. पहिला तासभर चांगला गेला. मग परीक्षक म्हणाले, "काम उत्तम आहे. पण अपुरं आहे. जुना कर गेला आणि मोटारींवर नवा खास कर आला. त्यावर एक प्रकरण लिहा, सहा महिन्यांनी पुन्हा या, पदवी नक्की."

मार्गदर्शकांनी घाईघाईनं मान हलवली. साडूभाऊंनी मात्र नकारार्थी हलवली.

"सर, ते होणार नाही."

"का?"

"तो कर वर्षाचा आहे. अजून रांगतोय. त्याच्यावर लिहायला बसलो तर त्यांचा खजिनदार मला पुन्हा इतकी वर्षं फिरवेल. त्याचा इतिहास लिहायला त्याचा म्हणून कुणीतरी येईल. मी ज्याचं काम घेतलं होतं त्याला पोचवून आलोय." आणि वर म्हणाले, "पदवी न मिळाली तरी चालेल. पण हा प्रबंध पुरा आहे."

परीक्षकांनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं. व्हरांड्यात चाचा पुटपुटत येरझाऱ्या घालत होते. मार्गदर्शक आतून बाहेर आले, पाणी प्यायले आणि पुन्हा आत गेले. मी साडूभाऊंकडं बघितलं. मला वाटलं पश्चात्ताप होत असेल. ते व्हरांड्याच्या कठड्याला टेकून, आयुष्यात पहिल्यांदाच, टेम्सकडं न बघता समोरच्या साध्या चिंचेच्या झाडाकडं बघत होते. फार थकलेले दिसत होते आणि फार शांत. दार उघडलं तेव्हा मिशीवाले गृहस्थ स्वतः बाहेर आले होते. त्यांनी साडूभाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचा हट्ट मला पटलेला नाही. पण प्रबंध पटला." चाचांनी तिथंच व्हरांड्यात अल्लाचा शुक्राना अदा केला.

गावाला ही बातमी कळल्यावर लोकांनी निरोप धाडला की सत्कार करायचाय, आणि मास्तरांनी एवढी वर्षं काय केलं ते गावाला सांगायचं. मारुतीच्या पारावर सतरंज्या पडल्या. त्या साली पाऊस झाला होता, गावाचा चेहरा ओला होता. पुढं आण्णा फेटा बांधून, शेजारी धाकटा मुलगा, मग पेन्शनीतले फौजी, मग सगळा गाव. साडूभाऊ आधी खुर्चीवर अवघडून बसले. मग उठले आणि गावाच्या भाषेत बोलायला लागले. लढाई, लोखंड, कर, खिडक्या, तीन चाकं, सुटे भाग. शेवटून वाचायच्या पुस्तिकेशी आले तेव्हा सगळा पार हसून लोळला. एक म्हातारा सुभेदार मध्येच उठून म्हणाला, "आवं, लढाईत त्यांच्या गाड्या चिखलातनं आमीच वडल्या की!" आणि बराच वेळ तोच बोलत राहिला, आणि साडूभाऊंनी त्याला बोलू दिलं. मागून कुणी ओरडलं, "म्हंजी भिताडाला भोक पाडलं की ट्याक्स!" विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो प्रबंध किती जणांनी उघडला असेल, मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी आमच्यासमोर बसलेल्या एकाही माणसानं जांभई दिली नाही.

एक सोडून. आण्णांची मान मध्येच कधीतरी छातीवर आली होती. टाळ्या झाल्या तेव्हा ते दचकून जागे झाले.

"सपलं?"

"सपलं, आण्णा."

"मला मधी जरा डोळा लागला बग. लढाईपतूर ऐकलं, फुडचं गेलं." त्यांनी फेटा सारखा केला. "पुन्यांदा सांग की."

लोक हसत उठत होते, धोतरं झटकत होते, पोरांना हाका मारत होते. पुढच्या सुगीला आण्णा नव्हते, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक असणार. पार हळूहळू रिकामा होत गेला. ज्या माणसानं ती गोष्ट एकदाची संपवण्यासाठी तारुण्य घालवलं होतं, तो गळ्यातला हार काढून ठेवून पायरीवर बापाच्या शेजारी टेकला, आणि आवाज खाली करून, घाई न करता, सुरुवात केली.

"लढाई सपली, आण्णा. आनि कर ऱ्हायला..."